सा जागेवर, पंचम वाटेवर

१९७० साली आलेलं ‘टीच युअर चिल्ड्रन’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या चौकडीचं. साधी गिटार सुरू होते आणि तिच्या अंगाखांद्यावरून लगेच एक वेगळाच आवाज वाहायला लागतो. व्हायोलिन म्हणावं तर गजाची खरखर नाही, गिटार म्हणावं तर तार छेडल्याचा टणका नाही. स्वर घसरतात, पण सगळे एकदम नाही. एक थांबतो, दुसरा निघतो, आणि दोघं मिळून असं काही करतात की हसावं की डोळे पुसावेत ते कळेना. कॉलेजात असताना ही कॅसेट माझ्याकडे होती आणि कित्येक वर्षं मी तो आवाज कुठल्याशा सिंथेसायझरचा समजत होतो.

तो पेडल स्टील गिटारचा आहे. १९६८ ते साधारण १९७४ या काळात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या रॉक संगीतात हे वाद्य इतकं मुरलं की ज्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्या कानातही त्याचा आवाज बसलेला असतो. ते नेमकं काय करतं हे कळलं की ती जुनी गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकावीशी वाटतात. आणि हे समजून घ्यायला मला तरी पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांपेक्षा आपलं सा-रे-ग-म जास्त उपयोगी पडलं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘स्टील’ हे नाव तारांवरून आलेलं नाही. वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत, जाडजूड दांडा असतो, बोटभर लांबीचा आणि दोनशे ग्रॅमहून जड. तो तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि हव्या त्या स्वरापर्यंत सरकवायचा. आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ म्हणून जी मांडीवर आडवी घेऊन वाजवतात तिचं तंत्र हेच. रेडिओवर जुन्या हिंदी गाण्यांच्या नुसत्या धुना ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो लाडिक, लडिवाळ आवाज आठवेल. पेडल स्टील ही तिचीच नात, फक्त इंजिनिअरिंग शिकून आलेली.

दिसायला तर ती गिटार वाटतच नाही. इस्त्रीच्या टेबलासारखी लांबट पाटी, चार पायांवर उभी. वर दहा तारा. पाटीवर सतारीसारखे पडदे नाहीत, नुसत्या रेघा रंगवलेल्या, दांडा कुठे न्यायचा ते डोळ्यांना कळावं म्हणून. खाली वाकून पाहिलं तर सळ्या, तरफा, स्प्रिंगा यांचं जंगल. टेबलाखाली जमिनीलगत तीन पेडल, आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या चार-पाच पट्ट्या, म्हणजे गुडघ्याने ढकलायच्या तरफा. व्यावसायिक वादकांकडे बरेचदा दोन पाट्यांचं वाद्य असतं. ते पेटीत भरून उचलायचं तर तीसेक किलो.

आता या माणसाच्या कामांची यादी करा. डाव्या हातात दांडा, तो सरकवायचा आणि वर हलकासा थरथरवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी. त्यांनी तारा छेडायच्या, आणि तळहाताच्या कडेने नको त्या तारा गप्प करायच्या. डावं पाऊल पेडलवर. डावा गुडघा डावीकडे, उजवीकडे आणि काही वाद्यांत वरही. उजवा गुडघा डावी-उजवीकडे. उजवं पाऊल आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. शिवणयंत्रावर बसून एकीकडे गाडी चालवावी तसला प्रकार. आणि एवढं सगळं करताना चेहरा मात्र बँकेत पासबुक भरून घ्यायला बसल्यासारखा निर्विकार. बहुतेक स्टीलवादकांचा मी असाच पाहिला आहे.

पेडल दाबल्यावर होतं काय? ज्यांनी जुनी काळी सायकल चालवली आहे त्यांना लगेच कळेल. तिच्या ब्रेकला केबल नसायची, सळया असायच्या. मुठीजवळची दांडी दाबली की एक सळई दुसरीला ओढायची, दुसरी तिसरीला, आणि शेवटी चाकापाशी रबर टेकायचं. इथेही तसंच. पाऊल खाली गेलं की सळई ओढली जाते, तिने एक आडवा दांडा फिरतो, त्याने दुसरी बारीक सळई ओढली जाते, आणि ती वाद्याच्या उजव्या टोकाशी असलेला एक धातूचा ‘अंगठा’ किंचित वळवते. तार त्या अंगठ्यावरून वळून अडकवलेली असते. अंगठा वळला की तारेचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. पाऊल उचललं की तार मूळ स्वरावर परत. किती चढायचं ते आधीच एका स्क्रूने पक्कं केलेलं असतं, त्यामुळे पेडल तळाला टेकलं की स्वर बरोबर ठरल्या जागी पोहोचतो. फेंडर कंपनीने काही काळ सळयांऐवजी केबल वापरून अशी वाद्यं बनवली. म्हणजे सायकलचाच इतिहास इथेही घडला.

आता मुख्य गोष्ट. पेडल स्टीलची सगळ्यांत रूढ जुळवणी ‘ई नाइन’ नावाने ओळखली जाते. त्यातला ‘ई’ आपण सा धरू. मग वादकापासून सगळ्यांत लांबच्या तारेपासून मोजत आलं की दहा तारा अशा लागतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. क्रम जरा विचित्र आहे. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या स्वराच्या आहेत, कारण त्या १९६२च्या सुमारास बडी एमन्स या वादकाने मागाहून जोडल्या. ते सध्या सोडून द्या. मधल्या तीनच तारा घ्या: ग, सा, प. तिन्ही एकदम छेडल्या की सा-ग-प, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत मेजर कॉर्ड. भरलेला, प्रसन्न आवाज.

पहिलं पेडल दाबा. पंचमाची तार धैवतावर चढते. बाकीच्या दोन हलत नाहीत. आता वाजतंय सा-ग-ध, म्हणजे धैवतावर उभा असलेला मायनर कॉर्ड. मेजर प्रसन्न, मायनर उदास ही समजूत ढोबळ असली तरी पाश्चात्त्य कानांवर ती पक्की कोरलेली आहे. म्हणजे एक पाऊल टेकवता टेकवता प्रसन्न आवाज उदासीकडे झुकतो. पियानोवरही हे दोन कॉर्ड एकामागून एक वाजवता येतात, पण तिथे एक पट्टी सुटते आणि दुसरी दाबली जाते. इथे त्या दोन भावनांच्या मधला रस्ता ऐकू येतो.

दुसरं पेडल गंधाराला मध्यमावर नेतं. दोन्ही पेडल एकाच पावलाने एकदम दाबली तर सा-ग-प चं सा-म-ध होतं. हा मध्यमावरचा मेजर कॉर्ड. पुन्हा पाऊल उचला, म आणि ध हळूच खाली उतरून ग आणि प वर येऊन बसतात. सा मात्र पहिल्यापासून आपल्या जागी. कंट्री संगीतातला, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांतला, तो ‘उसासा’ म्हणतात ना, तो बहुतेक वेळा एवढाच असतो. तिसरं पेडल सा ला रे वर आणि प ला ध वर नेतं. गुडघ्याच्या तरफांनी सा अर्धा स्वर खाली, नी वर, किंवा अर्धा स्वर वर, कोमल रे वर जातो. आणि हातातला दांडा वर-खाली सरकवला की हे सगळं गणित जसंच्या तसं दुसऱ्या पट्टीत. स्केल चेंजर पेटीचा वरचा भाग सरकवल्यावर होतं अगदी तसं.

हवाईयन गिटारीत दांडा सरळ असल्यामुळे सगळ्या तारा एकदम, सारख्याच अंतराने सरकतात. अख्खी वरात पुढे जाते. पेडलमुळे वरातीतले दोघं पुढे जातात आणि नवरदेव घोड्यावर जागच्या जागी. हा फरक कानाला एकदा पटला की पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्याकडे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि ठाम स्वर यांचं जुनं भांडण आहे. पेटीवर मींड निघत नाही हा आक्षेप इतका जोरदार होता की आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवलं होतं. तिकडे उलट. पाश्चात्त्य संगीताची इमारत कॉर्डवर उभी, आणि कॉर्डला प्रत्येक स्वर ठरल्या खणात बसलेला लागतो. मींड म्हणजे गवंड्याने ओल्या विटा आणून दिल्यासारखं. पेडल स्टीलने हे दोन्ही एकाच घरात नांदवले. कॉर्डच्या पोटात मींड. मला या वाद्याचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे, बाकी सगळं त्यानंतर.

तानपुऱ्याची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. पियानोचा गंधार आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार एक नसतात. पियानोचा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. झटपट वाजून विरणाऱ्या स्वरात ते खपून जातं. पण स्टीलचा कॉर्ड सेकंदामागून सेकंद रेंगाळतो आणि तो चढा गंधार दाताखाली खडा यावा तसा खुपतो. म्हणून बहुतेक स्टीलवादक यंत्राचं न ऐकता गंधार कानाने उतरवून लावतात. मग पुढची पंचाईत: एका कॉर्डात गोड लागलेली तार पेडल दाबल्यावर दुसऱ्या कॉर्डात कडू लागते. त्यात भर म्हणून, पेडल दाबलं की वाढलेल्या ताणाने वाद्याचा सांगाडाच केसभर वाकतो आणि न हललेल्या तारा किंचित उतरतात. याला वादकांनी ‘कॅबिनेट ड्रॉप’ असं नाव ठेवलं आहे. दोन स्टीलवादक भेटले की हवापाण्याच्या गप्पांनंतर पहिला विषय हाच. दुसरा विषय, तिसऱ्या क्रमांकाची ती बारीक ग ची तार पुन्हा कधी तुटली.

आवाजाच्या पेडलचं कामही लक्षात घ्यायला हवं, कारण फसवणूक तिथेच होते. वादक तार छेडतो तेव्हा आवाज दाबलेला असतो. छेडल्याचा ‘टण्’ कोणाला ऐकूच येत नाही. मग उजवं पाऊल हळूहळू खाली जातं, आवाज उमलतो. तार जसजशी विझत जाते तसतसं पाऊल आणखी खाली, म्हणजे विझणं आणि वाढवणं एकमेकांना फिटतात आणि स्वर गजाने ओढल्यासारखा लांब राहतो. मला सिंथेसायझर वाटला होता तो यामुळे.

हे वाद्य आलं कुठून, ते थोडक्यात. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटारवर लोखंडाचा तुकडा सरकवून वाजवण्याची रीत बसवली, असं मानलं जातं. त्याच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशी पोराने तिथे तसं वाजवलं होतं अशी एक गोष्ट सांगतात. आपल्याला ती ऐकायला छानच वाटते, तारांवर गोटा सरकवून वाजवायच्या आपल्या विचित्र वीणेची आठवणही येते, पण तिला भक्कम पुरावा नाही, तेव्हा छाती फुगवायची गरज नाही. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची अमेरिकेला भुरळ पडली. तिथून ही गिटार कंट्री संगीतात शिरली. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीच्या आकाराची पहिली इलेक्ट्रिक गिटार, हीसुद्धा मांडीवर घेऊन वाजवायची स्टीलच होती. हवाईहून निघालेली दुसरी लाट जहाजाने कोलकात्याला आली, आणि पुढे ब्रिजभूषण काब्रांनी या गिटारवर राग वाजवले; तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

पेडल का जोडले? सोय म्हणून. एका जुळवणीत हवे ते सगळे कॉर्ड मिळत नसत, म्हणून वादक दोन, तीन, चार पाट्यांची वाद्यं घेऊन बसत. पेडलने जुळवणीच बदलता आली तर ओझं कमी. चाळिशीच्या दशकात गिब्सन कंपनीने तसं वाद्य काढलं. मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेल्या पॉल बिग्सबीने १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट या स्टीलवादकासाठी एक बनवलं. पण तोवर पेडल म्हणजे गिअर: आवाज थांबलेला असताना बदलायचा, कोणाला कळू द्यायचा नाही. १९५३च्या अखेरीस वेब पिअर्स या कंट्री गायकाच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. ग चा म आणि प चा ध होताना लोकांनी ऐकला. १९५४ मध्ये ते गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि देशभरचे स्टीलवादक आपापल्या गिटारींना घरगुती पेडल जोडायला बसले. आयझॅक्सचं एकच पेडल दोन्ही स्वर एकदम बदलायचं. बडी एमन्स आणि जिमी डे यांनी ते काम दोन पेडलांत वाटलं, म्हणजे हवं तर एकच स्वर हलवता यावा. दोघांनी पेडलांचा क्रम मात्र एकमेकांच्या उलट ठेवला आणि आजही वाद्य घेताना ‘एमन्स की डे?’ असं विचारावं लागतं.

म्हणजे साठीचं दशक संपेपर्यंत हे वाद्य पूर्णपणे कंट्रीचं, म्हणजे कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहराचं होतं. आणि इथे थोडं राजकारण समजून घ्यावं लागतं. व्हिएतनामचं युद्ध सुरू होतं. लांब केसांची, युद्धाला विरोध करणारी तरुण मंडळी रॉक ऐकत. कंट्री म्हणजे त्यांच्या बापांचं, दक्षिणेतल्या सनातनी गोऱ्यांचं संगीत, असा सरसकट शिक्का होता. स्टीलचा एक स्वर कानावर पडला की ऐकणारा कोणत्या बाजूचा ते ठरून जाई. अशा वेळी बर्ड्‌स या रॉक चमूने मार्च १९६८ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर जाऊन कंट्री गायलं. प्रेक्षकांतून हुर्यो झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ आला. त्यात पेडल स्टील वाजवली होती लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस या मुरलेल्या कंट्री वादकांनी. तबकडी फारशी खपली नाही. पण ज्यांनी घेतली त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचा चमू काढला असावा, इतका तिचा परिणाम पुढच्या चार वर्षांत दिसतो.

बर्ड्‌समधून फुटून ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन यांनी फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढलं. त्यांचा स्टीलवादक ‘स्नीकी पीट’ क्लाइनो. हा गृहस्थ पेशाने अॅनिमेटर, मातीच्या बाहुल्या केसाकेसाने हलवून त्यांचे फोटो काढणारा. केबलच्या ब्रेकची म्हणजे फेंडरची स्टील तो वाजवायचा, जुळवणीही त्याची स्वतःची, आणि वर ती फझ या आवाज फाडणाऱ्या यंत्रातून काढायचा. १९६९च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर स्टील गोड लागत नाही. ती चिडलेली आहे. मुखपृष्ठावर चौघांनी भरतकाम केलेले भपकेबाज कंट्री पोशाख घातलेत. पार्सन्सच्या अंगावर गांजाची पानं, पीटच्या अंगावर टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनासोरांच्या काळातला उडणारा प्राणी. कंट्रीचा मान आणि कंट्रीची खोडी, दोन्ही एकाच फोटोत. पोको या चमूतला रस्टी यंग तर स्टीलचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढायचा आणि लोकांना वाटायचं ऑर्गन वाजतोय.

आता ‘टीच युअर चिल्ड्रन’वाला वादक. जेरी गार्सिया. ग्रेटफुल डेड या चमूचा गिटारवादक, सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी जगाचा जणू कुलगुरू. त्याने १९६९ मध्ये डेन्व्हरमध्ये एक पेडल स्टील विकत घेतली. बँजो तो आधीपासून वाजवत होता, त्यामुळे नख्यांनी छेडण्याची सवय उजव्या हाताला होती, आणि तीही मधलं बोट लहानपणीच्या अपघातात अर्ध्याहून जास्त गेलेलं असताना. हातपाय बसवायला म्हणून त्याने न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज हा वेगळा चमूच जमवला. वर्षभरातच क्रॉस्बी-स्टिल्स-नॅशकडून बोलावणं आलं. मोबदल्यात त्या तिघांनी डेडच्या लोकांना एकत्र सुरात गायला मदत करायची असा सौदा ठरला होता, असं सांगतात. नॅशव्हिलच्या मापाने गार्सिया नवशिका होता. एमन्सने हसून माफ केलं असतं अशा जागा त्यात आहेत. पण एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आधाराशिवाय सायकल चालवताना जे असतं ते त्या वाजवण्यात आहे, आणि ते कसलेल्या माणसाला पुन्हा आणता येत नाही.

उलट बाजूला पीट ड्रेक. नॅशव्हिलचा पक्का धंदेवाईक, दिवसाला कितीतरी गाण्यांत वाजवणारा. बॉब डिलनच्या १९६९च्या ‘ले लेडी ले’मध्ये शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागांत हलकेच पाणी शिंपडल्यासारखी जी स्टील आहे, ती त्याची. १९७० मध्ये बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’साठी त्याला लंडनला बोलावलं. तिथे ड्रेकने आपलं एक जुनं खेळणं दाखवलं: स्टीलचा आवाज नळीतून तोंडात सोडायचा आणि ओठ हलवून गिटारला बोलायला लावायचं. हे खेळणं घेऊन त्याने १९६४ मध्येच एक गाणं गाजवलं होतं. लंडनमधल्या त्या खोलीत पीटर फ्रॅम्प्टन नावाचा एक तरुण गिटारवादक बसलेला होता. सहा वर्षांनी त्याच युक्तीवर फ्रॅम्प्टन जगभर गाजला. बीटल्समधलाच रिंगो स्टार तर ड्रेकला भेटून इतका खूश झाला की त्याच वर्षी नॅशव्हिलला जाऊन काही दिवसांत त्याने अख्खी कंट्री तबकडी करून टाकली.

इंग्लंडचा स्वतःचा स्टीलवादकही होता, बी. जे. कोल. एल्टन जॉनच्या १९७१च्या ‘टायनी डान्सर’मध्ये आधी पियानो आणि गळा एवढंच असतं, आणि मग कोलची स्टील मागच्या दाराने आत येते. तिथे तिला कॅलिफोर्नियाचं ऊन आणायचं काम दिलेलं आहे, लंडनच्या स्टुडिओत बसून. जोनी मिचेलच्या ‘ब्लू’मध्ये, त्याच वर्षी, पुन्हा स्नीकी पीट. १९७२ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘टॉर्न अँड फ्रेड’मध्ये अल पर्किन्स. स्टीली डॅनच्या पहिल्या तबकड्यांवर जेफ ‘स्कंक’ बॅक्स्टर, जो पुढे अमेरिकन सरकारचा क्षेपणास्त्र संरक्षणाचा सल्लागार झाला. सळया आणि तरफांचं वेड माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. सरकणारा प्रत्येक आवाज पेडलचा नसतो. हॅरिसन स्वतः किंवा ड्युएन ऑलमन बोटात काचेची नळी घालून वाजवायचे, ती स्लाइड गिटार. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘ब्रीद’मध्ये डेव्हिड गिल्मर स्टील वाजवतो, पण लक्ष देऊन ऐकलं तर सगळे स्वर एकत्रच सरकतात. वरात अख्खी पुढे जाते. ते सुंदरच आहे, तक्रार नाही, पण तो मूळ हवाईयन घराण्याचा गुण झाला. लेड झेपेलिनच्या जिमी पेजने मात्र १९६९च्या पहिल्या तबकडीपासून खरीखुरी पेडल स्टील अधूनमधून वापरली. ओळखायची खूण तीच: एखादा स्वर ठाम उभा आणि त्याच्या शेजारचा हलतोय का, ते पाहा.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त आवडतो तो सर्वांत कमी वाजवणारा माणूस. नील यंग फेब्रुवारी १९७१ मध्ये टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला आला होता. हाताशी नवी गाणी होती, तिथल्याच क्वाड्राफोनिक स्टुडिओत जागा मिळाली, आणि स्थानिक वादक जमवताना बेन कीथचं नाव निघालं. दहा वर्षांपूर्वी पॅट्सी क्लाइनच्या ‘आय फॉल टू पीसेस’मध्ये वाजवलेला माणूस. त्या बैठकीतून ‘हार्ट ऑफ गोल्ड’ निघालं आणि मार्च १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘हार्वेस्ट’ ही तबकडी तिथे त्या वर्षी सर्वाधिक खपली. त्यातलं पहिलंच गाणं, ‘आउट ऑन द वीकेंड’, ऐका. कीथ नॅशव्हिलच्या करामती करत नाही. एक लांब स्वर लावतो, आवाजाच्या पेडलने उमलवतो, आणि तो विझू देतो. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. माळावर संध्याकाळी लांबून जाणाऱ्या गाडीचा आवाज यावा तसं. यंगचा गळा पातळ, जरा कापणारा. त्याच्या शेजारी भरगच्च वाजवणारा कोणी असता तर गळा बुडाला असता. किती वाजवायचं नाही हे कीथला नेमकं कळलं होतं. दहा तारा, तीन पेडल, चार तरफा समोर असताना गप्प बसणं सोपं नाही.

१९७५ नंतर रॉकमधून हा आवाज ओसरायला लागला. सिंथेसायझर स्वस्त आणि हलके होत गेले, लांब रेंगाळणारा स्वर त्यातून बटण दाबून मिळू लागला. कंट्री-रॉकवाल्यांना मोठ्या मैदानांत वाजवायचं होतं, तिथे ओरडणारी इलेक्ट्रिक गिटार जास्त चालते. मग पंक आलं, आणि त्यातल्या पोरांना तर तीन कॉर्ड शिकून लगेच मंचावर जायचं होतं. पेडल स्टील बरी वाजायलाच काही वर्षं लागतात, वाद्य महाग, वजन तीस किलो, आणि वाजवणारा खाली मान घालून खुर्चीवर बसलेला. पोस्टरवर लावण्यासारखं त्यात काही नाही. नॅशव्हिलमध्ये ती राहिली. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्येही राहिली, तिथे तर स्टील गिटार तीसच्या दशकापासून प्रार्थनेत वाजत आली आहे.

गार्सियाने १९७१ मध्येच न्यू रायडर्समधली आपली खुर्ची बडी केज या कॅनडाच्या वादकाला दिली आणि तो आपल्या गिटारकडे परत गेला. स्नीकी पीट बाहुल्यांकडे परतला आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, ‘द टर्मिनेटर’ अशा सिनेमांच्या करामतींत त्याने काम केलं. बेन कीथ मात्र ‘हार्वेस्ट’नंतर नील यंगबरोबर राहिला तो राहिलाच. जवळजवळ चाळीस वर्षं, स्टील, पियानो, जे हाताला लागेल ते वाजवत. २०१० मध्ये तो गेला, तेव्हाही यंगच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवरच राहत होता.